शार्क, सकर, नियॉन, गप्पी: पाटीवरचं नाव एक, पिशवीतला मासा दुसराच

घरी रंगीत मासे पाळणाऱ्यांच्या तक्रारी साधारण तीनच प्रकारच्या येतात. "दोन इंची शार्क आणले होते, वर्षभरात त्यांना टाकीत वळायला जागा उरली नाही." "शेवाळ खाणारा म्हणून घेतला, आता तो एंजल माशाच्या अंगाला चिकटून बसतो." "मार्चात डझनभर नियॉन सोडले, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) एकही राहिला नाही."

तिन्ही वेळा आधी आजाराचा संशय येतो. निळं औषध, पिवळं औषध, मूठभर मीठ, अर्धं पाणी बदल, सगळं करून होतं. मासा मात्र एकतर धडधाकट असतो, नाहीतर उकाड्यानं हैराण झालेला असतो. खरी चूक पिशवीला रबर लावण्याआधीच झालेली असते. ज्या नावानं मासा घेतला तो तो नव्हताच, किंवा नाव बरोबर असूनही त्या नावाखाली चार वेगळे मासे विकले जातात.

दर वेळी दुकानदार फसवतो असंही नाही. मुंबईचं कुर्ला, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट, चेन्नईचं कोळत्तूर हे रंगीत माशांचे मोठे बाजार. तिथून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या दुकानात पोचेपर्यंत मासा तीन-चार हात बदलतो. थर्माकोलच्या खोक्यावर मार्करनं 'शार्क', 'टेट्रा मिक्स', 'अल्गी' एवढंच लिहिलेलं असतं. खोक्यावर जे असेल तेच दुकानातल्या पाटीवर चढतं.

सगळ्याच गफलती सारख्या महाग पडत नाहीत, हे आधी सांगायला हवं. 'ज्युली कोरी' म्हणून जो ठिपक्यांचा कोरीडोरस (एक छोटा कॅटफिश) मिळतो तो बहुतेक वेळा ज्युली नसून ट्रायलिनिएटस असतो. डोक्यावरचे ठिपके सुटे असतील तर ज्युली, एकमेकांत गुंतून जाळी झाली असेल तर ट्रायलिनिएटस. दोघेही दोन-अडीच इंचांवर थांबतात, खाणं एक, स्वभाव एक. यावर वाद घालायचा तर खुशाल घाला, टाकीला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: मासा शेवटी किती वाढणार, तोंडानं काय करणार आणि किती उष्णता सोसणार. पुढची सगळी तपासणी याच तिन्हींसाठी आहे.

दुकानात उभं राहून काय बघायचं

दुकानातल्या टाक्यांवर लाल-निळे एलईडी असतात, त्या उजेडात कुठलाही मासा रंगीत दिसतो. मोबाईलची टॉर्च लावा आणि बाजूनं बघा. वरून बघून काही कळत नाही. नुकताच खोक्यातून काढलेला मासा घाबरून फिका पडलेला असतो, त्याच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. नियॉनचा रंग तर रात्री अंधारातही उतरतो आणि दिवा लावल्यावर थोड्या वेळानं परत येतो. म्हणून माल आला त्याच दिवशी जाण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी जा. प्रवासात कच्चे झालेले मासे तोवर गळालेले असतात, हा दुसरा फायदा.

आता तोंड बघा. ते समोर आहे, वर वळलेलं आहे की खाली? खाली असेल तर त्याची चकती झालेली आहे का? मासा काचेला चिकटला की तोंड आपोआप दिसतं. मग मिशा: आहेत का, किती जोड्या? त्यानंतर पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधे एक बारीक मांसल पर दिसतो का ते बघा. बहुतेक टेट्रांना आणि बऱ्याच कॅटफिशना तो असतो, बार्ब, डॅनिओ आणि रास्बोरा यांना नसतो. 'टेट्रा' म्हणून बार्ब गळ्यात मारला जात असेल तर एवढ्यावरच कळतं. शेवटी, अंगावर आडवा काळा पट्टा असेल तर तो नेमका कुठे संपतो.

मासा हलत असताना हे सगळं टिपणं अवघड जातं. दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि थांबवून बघा. काचेला बाहेरून प्लास्टिकची पट्टी लावली तर मापही मिळतं. फ्लॅश नको, खवल्यांवर चमकून सगळं पांढरं होतं.

आणि नाव विचारण्याऐवजी मापच विचारा. "हाऊ मासा कितला मोठा व्हई, भाऊ?" एवढ्या एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर समजून जा.

'शेवाळ खाणारा' या एका पाटीखालचे सहा मासे

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सावकाश घेऊ.

खरा सायमीज अल्गी ईटर हा क्रॉसोकायलस कुळातला. सडपातळ, करडा, नाकापासून निघालेला काळा पट्टा थेट शेपटीच्या खाचेपर्यंत जातो. पट्ट्याची कड किंचित दातेरी दिसते. पर सगळे स्वच्छ, पारदर्शक. हा काचेला चिकटून राहू शकत नाही, पोटाकडच्या परांवर टेकून बसतो. वाढ साडेपाच-सहा इंच. झाडांवरचं काळं, दाढीसारखं शेवाळ खाणारा मासा हवा असेल तर हाच.

फ्लाइंग फॉक्स त्याच्यासारखाच दिसतो, पण काळ्या पट्ट्याच्या वर एक सोनेरी रेघ असते, पट्ट्याची कड गुळगुळीत असते आणि परांवर काळा भाग व पांढरी टोकं असतात. दुकानात जास्त देखणा हाच दिसतो, म्हणून लोक हाच उचलतात. मोठा झाल्यावर आपली जागा राखतो, इतरांना हाकलतो आणि काळ्या शेवाळाकडे फारसं लक्ष देत नाही. टाकी मोठी असेल तर एकटा ठेवायला हरकत नाही.

तिसरा गारा कुळातला. याचा पट्टा शेपटीच्या बुंध्याशीच थांबतो, शेपटीत शिरत नाही, आणि पाठीवरच्या परावर काळे पट्टे असतात. म्हणजे शेपटीकडे एक नजर टाकली की खरा सायमीज आणि गारा वेगळे होतात. गारा आपल्याला परका नाही. गारा मुल्ल्या हा दख्खनच्या नद्यांतल्या खडकांना धरून राहणारा मासा, कर्नल साइक्सनं १८३९ साली त्याचं वर्णन छापलं. दुकानातला गारा मात्र आग्नेय आशियातला.

चौथा चायनीज अल्गी ईटर. सोनेरी-पिवळ्या रंगात येतो तेव्हा त्याला 'गोल्डन अल्गी' म्हणतात. पहिल्या तक्रारींमधला एंजलला चिकटणारा मासा बहुधा हाच. तोंडाची खरी चकती असते, काचेला घट्ट धरतो. कल्ल्याच्या वरच्या बाजूला पाणी आत घ्यायला त्याला वेगळी फट असते. त्यामुळे तोंड चिकटलेलं असतानाही श्वास चालू राहतो आणि कल्ले फडफडताना दिसतात. साध्या रंगातल्या माशाचा पट्टा सलग नसून डागाडागांचा असतो. लहानपणी मनापासून शेवाळ खरवडतो. मोठा झाला की दाण्यांची चटक लागते आणि एंजल, गोल्डफिश अशा चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटू लागतो. तो थर गेला की तिथे बुरशी धरते. वाढ ११ इंचांपर्यंत. औषधानं हे थांबत नाही, मासा वेगळा करावा लागतो.

पाचवा आपला सुप्रसिद्ध सकर. दोन-अडीच इंचांचा, ठिपक्यांचा, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. शंभरातल्या नव्वद टाक्यांमधे तो असतोच, निदान तसं वाटतं. टेरिगोप्लिक्थिस कुळातला हा मासा दीड फुटापर्यंत जातो. पाठीवरच्या परातले काटे आणि रेषा मोजा: १० किंवा त्याहून जास्त भरल्या, पर शिडासारखा उंच असला तर हाच. १० पेक्षा कमी भरल्या, डोकं रुंद-चपटं असलं आणि मोठ्या नराच्या नाकावर फांद्या फुटल्यासारख्या मांसल मिशा दिसल्या तर तो ब्रिसलनोज. ब्रिसलनोज पाच-सहा इंचांवर थांबतो आणि शेवाळाचं काम सकरपेक्षा नेटानं करतो. भाव जास्त पडतो, पण दोन फुटी टाकीसाठी घ्यायचाच तर तोच घ्या.

दोन फुटी टाकी म्हणजे नेमकं काय हेही बघू. २४ × १२ × १५ इंचांची टाकी काठोकाठ भरली तर ७० लिटर, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर ६० लिटर पाणी. १२ इंच रुंदीत १८ इंची मासा सरळ वळूच शकत नाही. "टाकी लहान असली की मासा तेवढाच राहतो" हे ऐकून घेऊ नका. तो खुरटतो, पाठ वाकडी होते आणि घाण मात्र पूर्ण मापाची करतो.

सहावा ओटोसिंक्लस, दीड-दोन इंच, अंगावर आडवी काळसर रेघ, शांत. सकरचं पिल्लू समजून कुणी घेत नाही, असं झालं तर नशीबच. पण नव्या टाकीत तो उपाशी मरतो. किमान दोन-तीन महिने चाललेली, काचेवर पातळ तपकिरी थर धरणारी टाकी असेल तरच घ्या आणि एकटा घेऊ नका, सहा तरी घ्या.

शार्क

गोड्या पाण्याच्या दुकानातला 'शार्क' हा शार्क नसतो एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कोणता नसतो, हे ठाऊक नसतं.

नुसत्या 'शार्क' नावानं मिळणारा, अंगावर खवले नसलेला, रुपेरी-काळ्या झाकेचा, दोन जोड्या मिशांचा, पाठीमागे बारीक मांसल पर असलेला मासा म्हणजे पंगस. मच्छी बाजारात 'बासा' म्हणून ज्याचे तुकडे मिळतात तोच. मोठा झाला की चार फुटांच्या वर जातो. घाबरट इतका की दिव्याचं बटण दाबलं तरी काचेवर धडकतो, नाक फुटतं. घरातल्या कुठल्याही टाकीत हा मासा ठेवायचा नाही, यात पण-परंतु नाही. पांढरा 'अल्बिनो शार्क' हाही कित्येकदा पंगसच असतो. मात्र रेनबो शार्कचाही पांढरा प्रकार येतो. फरक असा: पंगसचं तोंड समोर, रुंद, डोकं चपटं, अंग गुळगुळीत. रेनबोचं तोंड खाली, अंगावर खवले, पर लाल-केशरी, आणि पाठीवर तो मांसल पर नाही.

काळ्या अंगाच्या दोघांत गोंधळ होतो. फक्त शेपटी लाल तर रेडटेल, सगळेच पर लाल तर रेनबो. दोघेही पाच-सहा इंचांपर्यंत जातात आणि दोघेही आपल्या जातभाईला टाकीत सहन करत नाहीत. जोडी घेऊ नका, एकच घ्या. रेडटेल मूळचा थायलंडचा, तिथल्या नद्यांत आता अत्यंत दुर्मीळ. दुकानात येतात ते पैदास केंद्रातले.

बाला किंवा सिल्व्हर शार्क: ठसठशीत रुपेरी खवले, मिशा नाहीत, परांना काळी किनार. स्वभाव गरीब, पण १४ इंच. टिनफॉइल बार्बचंही माप तेवढंच, आणि तोही दोन इंचांचा असताना 'सिल्व्हर बार्ब' वगैरे नावानं विकला जातो.

केरळचा डेनिसोनी कधी 'मिस केरळा', कधी 'रेडलाइन टॉरपीडो', तर कधी 'रोझलाइन शार्क' होतो. लाल पट्टा, त्याखाली काळा पट्टा, शेपटीच्या टोकांवर पिवळे-काळे ठिपके, मासा खरंच सुंदर. सह्याद्रिया या कुळाचं नाव सह्याद्रीवरूनच २०१३ साली ठेवलं गेलं. पाठीवरच्या परावर काळा डाग असेल तर तो त्याचा मोठा भाऊ चालक्कुडिएन्सिस. पण दोघेही घाटातल्या वाहत्या, थंड पाण्यातले. २५ अंशांच्या पुढे त्यांना जड जायला लागतं. भुसावळच्या मे महिन्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, हा मासा तगवायचा नाद सोडा.

शार्कच्या शेजारच्या टाकीत 'पिरान्हा' असेल तर तेही तपासा. लाल पोटाचं, ठिपक्यांचं ते पिल्लू बहुतेक वेळा पाकू, म्हणजे मच्छी बाजारातला रूपचंद. दात बघितले की कळतं. पिरान्ह्याचे त्रिकोणी, सुरीसारखे; पाकूचे चौकोनी, माणसाच्या दाढांसारखे, कारण तो फळं आणि बिया फोडून खातो. अडीच फुटांपर्यंत वाढतो.

नियॉन का मरतात

'नियॉन' या पाटीखाली तीन मासे असतात आणि खान्देशात त्यांच्यातला फरक थेट जगण्या-मरण्याचा होतो.

साधा नियॉन, पॅराकायरोडॉन इन्नेसी: निळी रेघ, आणि लाल रंग पोटाच्या मधल्या भागापासून शेपटीपर्यंतच. पुढचा अर्धा भाग रुपेरी. कार्डिनल, पॅराकायरोडॉन अ‍ॅक्सेलरोडी: लाल रंग कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अख्ख्या लांबीभर. ग्रीन नियॉन, पॅराकायरोडॉन सिम्युलान्स: सर्वांत लहान, जेमतेम इंचभर, निळी-हिरवी रेघ शेपटीच्या बुंध्यापर्यंत आणि लाल रंग अगदी पुसट. पहिल्याचं वर्णन १९३६ सालचं, दुसऱ्याचं १९५६ सालचं. दिसायला सख्खे भाऊ, सवयी वेगळ्या.

साधा नियॉन २० ते २६ अंशांत सुखी. कार्डिनल २३ ते २९ अंशांपर्यंत चालवून घेतो. आता जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे बघा. बाहेर ४४-४५ अंश, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं, बंद खोलीतल्या फिशटँकचं पाणी ३२-३३. नियॉनला हे झेपतच नाही. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. गरजेनं श्वास वाढलेला आणि पाण्यात हवा कमी, अशी दुहेरी कोंडी. सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ती हीच.

डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. धुळ्यात रात्रीचा पारा १० च्या खाली उतरतो, टाकी १७-१८ वर येते. तेव्हा नियॉन तग धरतो आणि कार्डिनल कुडकुडतो. म्हणून आधी ठरवा की आपल्या टाकीत कोण आहे. कार्डिनल असेल तर लिटरमागे एक वॅट या हिशेबानं ६० लिटरला किमान ६० वॅटचा हीटर थंडीत लागतो. साधा नियॉन असेल तर उन्हाळ्यात पंखा लागतो.

पंखा म्हणजे टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडलेला छोटा टेबल फॅन. आपल्याकडची एप्रिल-मेची कोरडी हवा इथे कामी येते. बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन ते चार अंश उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत हाच पंखा फारसं काही करत नाही. बर्फाच्या बाटलीवर भिस्त ठेवू नका: अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली पूर्ण विरघळून ६० लिटर पाणी जेमतेम एका अंशानं उतरवते, तेही तासाभरात परत चढतं.

पंख्याबरोबर एक चूक हमखास होते. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. रोज बोअरच्या पाण्यानं भर घातली तर पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. नियॉन-कार्डिनल मऊ पाण्यातले, त्यांना हा दुसरा फटका. उडालेली भर आरओच्या पाण्यानं घाला आणि आठवड्याचा पाणीबदल नेहमीच्या पाण्यानं करा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा. तो चढत गेला तर भर चुकतेय.

पंखा लावूनही एकेक मासा रोज जात असेल आणि अंगात पांढरट ठिगळ दिसत असेल, पाठ वाकत असेल, तर ते उकाड्याचं काम नाही. तो नियॉनचा स्नायूंमधला परजीवी आजार, त्याला खात्रीचं औषध नाही. असा मासा लगेच वेगळा काढा, मेलेला टाकीत राहू देऊ नका, बाकीचे त्याला टोचून खातात आणि आजार पसरतो.

खरेदीची वेळही महत्त्वाची. टेट्रा दिवाळीनंतर ते माघापर्यंत घ्या. मेमधे प्रवासाच्या पिशवीतच ते अर्धे मेलेले असतात.

गप्पी की गंबुशिया

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवताप विभाग पाण्याच्या टाक्यांमधे आणि डबक्यांमधे गप्पी सोडतो. त्याच कामासाठी भारतात गंबुशियाही आणला गेला. दोन्ही माशांना लोक सरसकट गप्पीच म्हणतात. ओढ्यातून किंवा हौदातून धरून आणलेले 'गप्पी' टाकीत सोडले आणि आठवड्यात फायटरच्या, एंजलच्या शेपट्या चिंध्या झाल्या, तर ते गंबुशिया असण्याची शक्यता मोठी.

नरांवरून सहज कळतं: गप्पीचा नर रंगीत, गंबुशियाचा नर मळकट करडा. माद्या फसवतात. गंबुशियाच्या मादीच्या शेपटीवर आणि पाठीवरच्या परावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, डोळ्याखाली बऱ्याचदा काळसर तिरका डाग. गप्पीच्या मादीचे पर बहुधा कोरे. खात्री पटेपर्यंत मोठ्या बरणीत वेगळे ठेवा. दोघेही पिल्लं देतात, त्यामुळे "पिल्लं झाली म्हणजे गप्पीच" हा पुरावा धरू नका.

रंग उडतो तेव्हा

गुलाबी, जांभळे, पोपटी 'कलर विडो' आणि पाठीला-पोटाला चमकती रेघ असलेले 'ग्लास फिश' काही महिन्यांत पांढरे पडले, तर आजार शोधू नका. विडो टेट्रा मूळचा करडा-काळा. ग्लास फिश, म्हणजे पॅराम्बॅसिस, आपल्याच देशातला काचेसारखा पारदर्शक मासा. त्यांना सुईनं किंवा रसायनात बुडवून रंगवलेलं असतं. रंग निघून जातो, सुईची जखम मात्र उरते आणि असे मासे पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला लवकर बळी पडतात. जनुकबदल केलेल्या चमकत्या माशांचा रंग मात्र टिकतो. रंगवलेला मासा घ्यायचाच नाही, असं आमचं स्पष्ट मत. मागणी थांबली तरच सुई थांबेल.

बाकीचे, थोडक्यात

'सनसेट हनी गुरामी' म्हणून येणारा मासा बऱ्याचदा थिकलिप असतो. खरी हनी दोन इंचांवर थांबते, ओठ बारीक; थिकलिप साडेतीन इंचांपर्यंत जातो, ओठ जाड. ड्वार्फ गुरामीच्या अंगावर लाल-निळे तिरके पट्टे असतात. ब्लू, गोल्ड, ओपलाइन या तिन्ही गुरामी एकाच जातीच्या. किसिंग गुरामी फूटभर वाढते, दोन फुटी टाकीला नको.

गोल्डफिश की कोई? मिशा असल्या तर कोई. कोई टाकीचा मासा नाही, हौदाचा.

'बोटिया' म्हणाल तर पट्ट्यांवर वाय-ओ अशी अक्षरं दिसणारा योयो पाच-सहा इंच, केशरी-काळ्या पट्ट्यांचा क्लाउन लोच फूटभर. बारीक, दाट पट्ट्यांचा बोटिया स्ट्रिएटा पश्चिम घाटातला, जागतिक यादीत संकटग्रस्त. कुणी 'नदीतून धरलेला' म्हणून देत असेल तर घेऊ नका.

चुकीचा मासा आधीच टाकीत असेल तर

पहिली गोष्ट, काय करायचं नाही: मेहरूण तलाव, हतनूर, वाघूर, गिरणा, पांझरा, शेतातली विहीर, कुठेही सोडायचा नाही. सकर काठाच्या मातीत बिळं करतो, त्याच्या काटेरी परांनी मासेमारीची जाळी फाटतात आणि एकदा बस्तान बसलं की काढता येत नाही. देवाच्या नावानं सोडला तरी परिणाम तोच.

चायनीज अल्गी ईटर किंवा गंबुशियासारखा त्रास देणारा मासा असेल तर त्याच दिवशी वेगळा करा. बादली, एअर पंप, झाकण, एवढं पुरतं. उजेडात जाळी फिरवून हे मासे सापडत नाहीत, सगळी टाकी गढूळ होते. संध्याकाळी गिलक्याची किंवा काकडीची चकती दोन मिनिटं उकळून, थंड करून, जाळीतच ठेवून टाकीच्या तळाला टेकवा आणि दिवा बंद करा. तासाभरानं जाळी उचला. सकर आणि अल्गी ईटर चकतीला चिकटलेले सापडतात. गंबुशिया वरच्या थरात असतो, त्याला दाणे टाकून जाळीत घ्या. चाटून जखमी झालेल्या माशाच्या टाकीचं पाणी एक चतुर्थांश बदला, फिल्टर जोरात चालू ठेवा. जखम उघडी असेपर्यंत नवं औषध बदलत बसू नका.

मोठा होणारा, पण त्रास न देणारा मासा असेल तर घाई नाही. घेतलेल्या दुकानालाच आधी विचारा. बरेच दुकानदार मोठा सकर किंवा बाला परत घेतात, पैसे मिळाले नाहीत तरी. पंगस आणि रूपचंद मात्र कुणी परत घेत नाही. ते हौद किंवा शेततळं असलेल्या माणसाला द्या, आणि देताना हा किती वाढतो ते सांगून द्या. त्याच्या शेततळ्याचं पाणी ओढ्यात सांडत असेल तर तिथेही नको.

नेण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, म्हणजे वाटेत पाणी नासत नाही. लहान मासे पिशवीत, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, दुहेरी पिशवी, थर्माकोलच्या खोक्यात, सकाळी ९ च्या आत. सकर पिशवीत घालू नका. परांच्या काट्यांनी पिशवी फाटते आणि बसमधे सगळं पाणी सांडतं. झाकणाला भोकं पाडलेल्या रंगाच्या जुन्या, स्वच्छ धुतलेल्या बादलीत, तो बुडेल एवढ्याच पाण्यात न्या. जाळीत अडकला तर ओढू नका, जाळीच कापा.